शाळेची फी नेमकी कशाची

खासगी शाळा हा शब्द महाराष्ट्रात जितक्या सहजपणे वापरला जातो तितका तो एकार्थी नाही, आणि खासगी शाळेवर केलेला खर्च सार्थकी लागतो की नाही या प्रश्नाची बरीचशी गुंतागुंत या शब्दापाशीच सुरू होते. जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिका यांच्या शाळा सरळसरळ सरकारी म्हणता येतात, कारण त्यांची इमारत, शिक्षकांचे वेतन आणि देखरेख हे सारे सार्वजनिक पैशातून होते. अनुदानित शाळांचे व्यवस्थापन मात्र खासगी शिक्षणसंस्थेकडे असते आणि शिक्षकांचा पगार राज्य सरकार देते. चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८० मध्ये पुण्यात काढलेले न्यू इंग्लिश स्कूल किंवा कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था ही या खासगी पण लोकोपयोगी परंपरेतील ठळक नावे होत, आणि महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार आजही अशाच संस्थांच्या खांद्यावर आहे. यापलीकडे विनाअनुदानित आणि २०१२ च्या कायद्याने वेगळी ओळख मिळालेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा येतात, ज्यांना सरकारकडून वेतन-अनुदान मिळत नाही आणि ज्यांचा सारा डोलारा पालकांच्या फीवर उभा असतो. चार पैसे गाठीला असलेले किंवा पोटाला चिमटा घेऊन ते जमवणारे कुटुंब खासगी शाळेचा विचार करते तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा ही शेवटची, आणि बहुतेक वेळा इंग्रजी माध्यमाची, शाळा असते. या लेखातही खासगी शाळा म्हणजे तीच शाळा असे मानले आहे.

फीचा आकडा दरमहा समोर येतो तेव्हा तो सोसण्याजोगा वाटतो. त्याची खरी ओळख दहा वर्षांची बेरीज केल्यावर पटते. समजा, पहिलीतील मुलाची वार्षिक फी ६०,००० रुपये आहे आणि ती दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढते, तर दहावी संपेपर्यंत निव्वळ फीपोटी सुमारे ८ लाख ७० हजार रुपये भरले जातात. हीच रक्कम त्या त्या वर्षाच्या आरंभी सात टक्के व्याजाने बाजूला ठेवली असती तर दहा वर्षांच्या अखेरीस सुमारे १२ लाख ३० हजार रुपये हाती राहिले असते. यात स्कूलबस, ठरावीक दुकानातूनच घ्यावा लागणारा गणवेश, वह्या-पुस्तकांचा संच, स्नेहसंमेलनाची वर्गणी आणि शाळा सुटल्यावरची शिकवणी धरलेली नाही. शिकवणी हा खर्च तर वेगळा लक्षात घ्यावा लागतो, कारण केंद्र सरकारच्या २०२५ च्या शैक्षणिक खर्चाच्या नमुना पाहणीत देशातील सुमारे २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेत असल्याचे आढळले. त्याच पाहणीनुसार एका विद्यार्थ्यामागे कुटुंबाचा शाळेवरचा वार्षिक खर्च सरकारी शाळेत सरासरी २,८६३ रुपये, तर बिगरसरकारी शाळांत २५,००२ रुपये होता. या बिगरसरकारी गटात अनुदानित शाळाही मोडतात आणि सरासरीत छोट्या गावांतल्या स्वस्त शाळाही येतात, त्यामुळे मोठ्या शहरातल्या पालकाला हा आकडा कमी वाटणे साहजिक आहे. तरीही दोहोंमधले अंतर जवळपास नऊ पटींचे आहे, आणि या नऊ पटींच्या मोबदल्यात मुलाच्या पदरात नेमके काय पडते हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक पालकाला आहे.

सर्वांत सोपे उत्तर म्हणजे निकालांची तुलना. ग्रामीण भारतातील मुलांच्या घरी जाऊन त्यांची वाचन आणि गणिताची चाचणी घेणारा असर हा अहवाल प्रथम ही संस्था २००५ पासून काढत आली आहे. त्याची पद्धत अगदी साधी असते. मुलासमोर एक कागद ठेवला जातो; त्यावर अक्षरे, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट छापलेली असते, आणि मूल जिथवर अडखळत का होईना पण वाचत जाते तिथे त्याची पातळी ठरते. गणितात हातच्याची वजाबाकी विचारली जाते. ६३ मधून ३८ वजा करताना कित्येक मुले उत्तर ३५ लिहितात, कारण एककाच्या घरात तीनातून आठ जात नाहीत म्हणून ती आठातूनच तीन वजा करून मोकळी होतात; दशकातला एक सोडवून आणायचा असतो ही कल्पना त्यांच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. २०१८ च्या असरमध्ये दुसरीची गोष्ट वाचू शकणाऱ्या पाचवीच्या मुलांचे प्रमाण देशभरातील सरकारी शाळांत ४४.२ टक्के आणि खासगी शाळांत ६५.१ टक्के होते. जवळपास २१ टक्केबिंदूंचा हा फरक पाहून खासगी शाळेची फी वसूल झाली असे कुणालाही वाटेल, मात्र तसा निष्कर्ष काढण्यात एक मोठी चूक दडलेली आहे.

या चुकीला संशोधनाच्या भाषेत निवडीचा परिणाम म्हणतात. खासगी शाळेत जाणारे मूल चिठ्ठी टाकून निवडलेले नसते. त्याला तिथे धाडणारे घर आधीच वेगळे असते. त्या घरात आई-वडिलांपैकी एक तरी शिकलेला असण्याची, घरात वर्तमानपत्र येत असण्याची, मुलाचा अभ्यास घ्यायला संध्याकाळी कुणीतरी मोकळे असण्याची, आणि मुलाला ऊसतोडीच्या किंवा वीटभट्टीच्या हंगामात शाळा सोडून पालकांमागे जावे न लागण्याची शक्यता अधिक असते. अशा घरातले मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले असते तरी तिथल्या सरासरीपेक्षा पुढेच राहिले असते. म्हणून दोन शाळांच्या निकालांतला फरक हा काही अंशी दोन प्रकारच्या घरांतला फरक असतो, आणि घराचा वाटा वजा केल्याशिवाय शाळेचा वाटा कळत नाही. विकसित देशांतही हेच दिसते. पंधरा वर्षांच्या मुलांची पिसा ही आंतरराष्ट्रीय चाचणी २०१८ मध्ये झाली तेव्हा खासगी शाळांची मुले वाचनात सरासरीने पुढे होती, पण कुटुंबाची आर्थिक-सामाजिक स्थिती हिशेबात घेतल्यावर ही आघाडी टिकली नाही, उलट सरकारी शाळांची मुले किंचित पुढे गेली.

भारतापुरते बोलायचे तर या प्रश्नावरचा सर्वांत भक्कम पुरावा शेजारच्या राज्यातून आलेला आहे, आणि मराठी वाचकांत त्याची चर्चा व्हायला हवी तितकी झालेली नाही. २००८ पासून चार वर्षे अविभाजित आंध्र प्रदेशातील पाच जिल्ह्यांच्या १८० गावांत एक प्रयोग करण्यात आला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचे विश्लेषण केले आणि २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. सरकारी शाळेतील मुलांच्या पालकांना विचारण्यात आले की खासगी शाळेची फी, पुस्तके आणि गणवेश यांचा खर्च मिळाला तर मुलाला तिकडे घालाल का. इच्छुकांचे अर्ज घेतल्यावर दोन वेळा चिठ्ठ्या टाकण्यात आल्या. पहिल्या सोडतीत १८० पैकी ९० गावे निवडली गेली, आणि दुसऱ्या सोडतीत त्या ९० गावांतल्या अर्जदारांपैकी शिष्यवृत्ती कुणाला मिळणार हे ठरले. या रचनेमागचा विचार समजून घेण्याजोगा आहे. ज्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि ज्याला मिळाली नाही त्या दोघांच्याही घरांना खासगी शाळा हवीच होती. फरक पडला तो निव्वळ चिठ्ठीने, त्यामुळे घराचा वाटा दोन्ही पारड्यांत सारखा राहिला. शिवाय ज्या गावांत शिष्यवृत्ती गेलीच नाही त्यांच्याशी तुलना केल्यामुळे मागे राहिलेल्या मुलांचे आणि खासगी शाळेत आधीपासून असलेल्या मुलांचे काही नुकसान झाले का हेही तपासता आले, आणि तसे नुकसान आढळले नाही.

चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणित या दोन विषयांत सोडत लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांमध्ये फरक आढळला नाही. इंग्रजी, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांतही दखल घेण्याजोगे अंतर नव्हते. हिंदीत मात्र खासगी शाळांची मुले बरीच पुढे होती, कारण सरकारी प्राथमिक शाळांत हिंदी जवळजवळ शिकवलीच जात नव्हती. या निष्कर्षाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल: खासगी शाळांच्या वेळापत्रकात तेलुगू आणि गणिताला कमी तास होते, तरीही त्या विषयांत मुले मागे पडली नाहीत; तिथे दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता; तिथले शिक्षक कमी शिकलेले आणि कमी प्रशिक्षित असूनही अधिक नियमितपणे हजर राहत होते. म्हणजे कमी पैशात तितकेच शिक्षण देण्याच्या कसोटीवर खासगी शाळा उजव्या ठरल्या, आणि मुलाला अधिक शिकवण्याच्या कसोटीवर त्या मुख्य विषयांत तरी उजव्या ठरल्या नाहीत. पहिली कसोटी अर्थखात्याची आहे, दुसरी पालकाची. शिवाय या काटकसरीचे मोल कोण चुकवते हेही पाहिले पाहिजे. आंध्रातल्या त्या खासगी शाळांतील शिक्षकांचा पगार सरकारी शिक्षकाच्या पगाराच्या एक षष्ठांशाच्या आसपास होता, आणि महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत शिकवणाऱ्या पदवीधर तरुणींची स्थिती याहून फार निराळी नाही. अशा वेतनावर शिक्षिका दोन-तीन वर्षांत शाळा सोडते, मुलांना दरवर्षी नव्या बाई मिळतात, आणि ज्याला कार्यक्षमता म्हटले जाते तिचा मोठा हिस्सा प्रत्यक्षात या तरुणींच्या न मिळालेल्या पगारातून आलेला असतो.

आंध्रच्या अभ्यासात आणखी एक सूचक गोष्ट पुढे आली. शिष्यवृत्ती घेऊन तेलुगू माध्यमाच्या खासगी शाळेत गेलेल्या मुलांची प्रगती इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत गेलेल्यांपेक्षा बरी असल्याचे संकेत मिळाले. हा निष्कर्ष मुख्य निष्कर्षाइतका पक्का नाही, तरी महाराष्ट्रात या प्रश्नाचा गाभा माध्यमाचाच असल्याने त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. बहुसंख्य पालक फी भरतात ती खासगीपणासाठी नव्हे, इंग्रजीसाठी. ही ओढ चुकीची ठरवण्याचा अधिकार इंग्रजीच्या जोरावर आधीच पुढे गेलेल्या वर्गाला नाही. ज्या समाजघटकांना पिढ्यान्पिढ्या ज्ञानापासून दूर ठेवले गेले त्यांच्यासाठी इंग्रजी हा नोकरीचा, न्यायालयाचा आणि परदेशाचा दरवाजा आहे. पण इंग्रजी शिकणे आणि इंग्रजीतून शिकणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. ज्या मुलाच्या घरी, अंगणात आणि खेळात मराठीच आहे ते मूल पहिलीतच विज्ञान इंग्रजीतून शिकू लागले की ते वनस्पतीच्या अन्ननिर्मितीची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवते, आणि पान हिरवे का असते असे साध्या मराठीत विचारले तर गप्प होते. घरी गृहपाठ घेताना आईला प्रश्नच वाचता येत नाही, म्हणून शिकवणी लावावी लागते, आणि जी मदत एरवी घरात फुकट मिळाली असती ती विकत घेण्याची पाळी येते. मातृभाषेतून किमान पाचवीपर्यंत शिक्षण द्यावे असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सुचवले ते याच कारणाने. महाराष्ट्राने २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय आणला आणि पुढे गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी-इंग्रजी वर्गही पसरले. मराठीत विचार पक्का करून इंग्रजीवर पकड मिळवण्याचा हा मधला मार्ग आहे, आणि तो चांगल्या अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत अत्यल्प खर्चात उपलब्ध असतो. गोव्यात हाच पेच अनुदानाच्या रूपाने उभा राहिला. प्राथमिक शाळेला अनुदान मातृभाषेच्या माध्यमालाच द्यावे की इंग्रजीलाही, यावरून २०११ पासून तिथे मोठा संघर्ष झाला आणि मराठी-कोंकणी सरकारी प्राथमिक शाळांचा पट घसरत गेला.

मग फी भरून मिळते ते काय, याचे उत्तर अभ्यासक्रमात शोधण्यापेक्षा शाळेच्या दिनक्रमात शोधावे लागते. खेड्यातल्या द्विशिक्षकी शाळेचा दिवस डोळ्यांपुढे आणला तर ते समजते. पहिली ते चौथीचे चार वर्ग, दोन खोल्या, दोन शिक्षक. त्यांतले एक गुरुजी तालुक्याला बैठकीला गेले की चारही इयत्ता एकाच बाईंच्या हाती येतात. पहिलीला अक्षर गिरवायला देऊन त्या चौथीच्या भागाकाराकडे वळतात, तेवढ्यात शालेय पोषण आहाराच्या खिचडीची नोंद करायची असते आणि मोबाइलवर कुठल्यातरी माहितीचा तक्ता आजच भरून हवा असल्याचा निरोप येतो. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक काम देता येत नाही, पण हे तीन अपवादच पुष्कळ दिवस खातात आणि माहिती भरण्याचे काम तर अशैक्षणिक म्हणून मोजलेही जात नाही. याउलट साध्यासुध्या खासगी शाळेतही प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र वर्ग आणि स्वतंत्र शिक्षिका असते, आणि ती आली नाही तर मुख्याध्यापकाला त्याच दिवशी कळते. पालक फी भरतात त्यातला सर्वांत रास्त भाग हाच आहे: शिक्षक वर्गात असेल याची हमी. उरलेल्या भागात बस, स्वच्छतागृह, मैदान आणि वर्गातली मुले कुठल्या घरांतली असतील याची अप्रत्यक्ष निवड येते. ही शेवटची गोष्ट उघडपणे बोलली जात नाही, तरी ती फार मोठी आहे.

ती किती मोठी आहे हे पंचवीस टक्के जागांच्या वादात दिसून आले. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्यातील कलम १२ ने विनाअनुदानित खासगी शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान एक चतुर्थांश जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखणे बंधनकारक केले. त्या मुलांची फी सरकार शाळेला देते, मात्र ती शाळेची प्रत्यक्ष फी किंवा सरकारी शाळेतला दर मुलामागचा खर्च यांपैकी जी कमी असेल तेवढीच. महाराष्ट्रात या जागांसाठी दरवर्षी सोडत निघते. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला या बंधनातून सूट दिली. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला. वर्गात गरीब मुले आली की इतरांच्या अभ्यासाचे नुकसान होते ही भीती या वादाच्या मुळाशी असते. दिल्लीतील महागड्या शाळांमध्ये अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी नेमके हेच तपासले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, गरीब वर्गमित्रांबरोबर शिकलेली श्रीमंत घरची मुले अधिक उदार आणि कमी भेदभाव करणारी आढळली. हिंदी आणि गणिताच्या गुणांवर परिणाम दिसला नाही, इंग्रजीत किरकोळ घट दिसली. वर्गातली मुले सारख्या थरातली असावीत म्हणून जे अधिकचे पैसे मोजले जातात ते गुणपत्रिकेत फारसे उमटत नाहीत, आणि मुलाच्या माणूस म्हणून होणाऱ्या घडणीतून काहीतरी वजाच करतात, असा याचा अर्थ होतो.

सरकारी शाळेची बाजू मांडताना तिच्या नावाने सरसकट कौल देणेही तितकेच चुकीचे आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. सातारा तालुक्यातील कुमठे बीटच्या, म्हणजे तिथल्या शाळागटाच्या, शाळांनी मुलांना वस्तू हाताळत, बोलत, चुका करत शिकू देणाऱ्या ज्ञानरचनावादी पद्धतीचा जो आदर्श घालून दिला तो पाहायला राज्यभरातून शिक्षक येत असत. पुणे जिल्ह्यातील जालिंदरनगरच्या शाळेने २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळवला. सामान्य गावातल्या सामान्य घरांच्या मुलांना घेऊन हे साधले, यातून सरकारी शाळेची कुवत सिद्ध होते. पण अशा शाळा बहुधा एका-दोघा शिक्षकांच्या ध्यासावर उभ्या राहतात, आणि बदलीचा आदेश निघाला की गावाने वर्गणी काढून उभी केलेली घडी दोन वर्षांत विस्कटू शकते. व्यक्तीच्या पुण्याईवर चालणारी गुणवत्ता ही पालकाला हमी वाटत नाही, आणि त्याचे ते वाटणे खोटे नाही.

पालक सरकारी या शब्दापासून पळतात असे मानले जाते, तेही पुराव्याला धरून नाही. मुंबई महापालिकेने २०२० नंतर काही शाळांत केंद्रीय मंडळांचे अभ्यासक्रम सुरू केले तेव्हा जागांपेक्षा अर्ज जास्त आले आणि सोडत काढावी लागली. करोनाच्या काळात ग्रामीण भारतातील सहा ते चौदा वयोगटातल्या सरकारी शाळेतील मुलांचे प्रमाण २०१८ मधल्या ६५.६ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ७२.९ टक्क्यांवर गेले, आणि २०२४ पर्यंत ते पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आले. हाती पैसा नव्हता तेव्हा मुले परत आली आणि पैसा येताच निघून गेली. चालून आलेल्या या मुलांना थांबवून ठेवण्याची संधी व्यवस्थेच्या हातून गेली.

जे निघून जातात त्यांच्या जाण्याने मागे काय उरते याचा अनुभव चिलीने घेतला आहे. तिथे १९८१ मध्ये लष्करी राजवटीने मुलामागे अनुदान द्यायला सुरुवात केली आणि पालकांना ते कुठल्याही शाळेत नेण्याची मुभा दिली. सिए आणि उर्किओला या संशोधकांना २००६ च्या अभ्यासात देशाची सरासरी गुणवत्ता वाढल्याचा पुरावा सापडला नाही, मात्र बऱ्या परिस्थितीतली मुले सरकारी शाळांतून बाहेर पडल्याचे स्पष्ट दिसले. महाराष्ट्रात असे कुठलेही धोरण न आणताच तेच घडत आहे. सरपंच, ग्रामसेवक, दुकानदार आणि स्वतः जिल्हा परिषदेचे शिक्षक यांची मुले पिवळ्या बसने तालुक्याला जातात, आणि गावच्या शाळेत गळके छप्पर पाहून आवाज उठवू शकणारा पालक उरत नाही. पुष्कळ घरांत तर मुलगा बसमध्ये असतो आणि त्याची बहीण गावच्या शाळेत. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे ठरवले आहे, म्हणजे सरकारी शाळेत पालकाला कायद्याने जे स्थान आहे ते हजारो रुपये भरणाऱ्या पालकालाही खासगी शाळेत नाही. तिथे त्याला २०११ च्या शुल्क-नियमन कायद्याखाली पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीतून फीपुरते बोलता येते. मात्र हे स्थान वापरू शकणारे लोकच गाव सोडून गेले तर समितीची बैठक सह्यांपुरती उरते. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाच्या वाट्याला जातो अशी तक्रार केली होती. राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला तो याच असमतोलावरचा उपाय होता. सार्वजनिक शाळा ही या राज्याला दीर्घ झगड्यातून मिळालेली गोष्ट आहे, आणि वीसपेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १५ हजार शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला तेव्हा ती किती झपाट्याने हातची जाऊ शकते हे दिसले.

तेव्हा फी भरावी की नाही याचा निर्णय खासगी आणि सरकारी या दोन पाट्यांवरून करता येत नाही. तो दोन ठरावीक शाळांमध्ये, त्यांच्या चौथीच्या वर्गात जाऊन करावा लागतो. पाठ्यपुस्तकाबाहेरचे एक पान तिथले मध्यम हुशारीचे मूल वाचते का आणि वाचलेले आपल्या शब्दांत सांगते का, ६३ मधून ३८ गेल्यावर किती उरले हे काढताना हातचा कुठून आणला ते दाखवू शकते का, वर्गशिक्षिका किती वर्षे त्याच शाळेत आहेत, प्रत्येक इयत्तेला शिक्षक आहे का, एवढे पाहिले तरी इमारतीच्या काचांपेक्षा बरेच अधिक कळते. गावातली सरकारी शाळा या कसोटीवर उतरत असेल तर सहा आकडी फी निव्वळ गणवेशाच्या टायसाठी मोजली जात आहे असे म्हणावे लागेल. ती उतरत नसेल, एका शिक्षकावर चार वर्ग असतील, तर कर्ज काढून मुलाला बाहेर धाडणाऱ्या आईला दोष देता येणार नाही.

अडचण अशी की ही तुलना करण्याची वेळ येते तेव्हा निर्णय बहुधा होऊन गेलेला असतो. जिल्हा परिषदेची शाळा सहाव्या वर्षी पहिलीपासून सुरू होते. त्याआधीची अंगणवाडी महिला व बालविकास विभागाच्या अखत्यारीत असते, आणि तिथल्या ताईंवर पोषण, वजन, लसीकरण यांचा इतका भार असतो की शिकवण्याला थोडाच वेळ उरतो. खासगी शाळा मात्र तिसऱ्या वर्षीच नर्सरीत प्रवेश देते. मूल तीन वर्षे त्याच बसमधून जाते, तिथल्या बाईंना ओळखू लागते, इंग्रजी बडबडगीते म्हणू लागते. मग उन्हाळ्यात जिल्हा परिषदेचे गुरुजी आणि बाई पटनोंदणीची वही घेऊन वस्तीवर दारोदार फिरतात, सहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांची नावे विचारतात, आणि दार उघडणारी आई काहीशा संकोचाने सांगते की त्याला तर तिकडे घालून तीन वर्षे झाली.